चौकडीतलं चौथं

जेवणाचं टेबल आमच्याकडे एकच आहे आणि तेच माझं ऑफिस. एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आईची चिरायची फळी आणि खिडकीच्या बाजूला बाबांची खुर्ची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मी बघतोय तेव्हापासून तेच. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आली की आत शिरण्याआधी दारावर तळहात ठेवायचे. 'दमलीय बिचारी' म्हणायचे, नाहीतर 'आज खुशीत आहे'. मागच्या वर्षी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले.

मग खुर्चीच्या लाकडी हातावर डाव्या हातानं ठोकायची पद्धत पडली. एकदा ठोकलं की आई. दोनदा ठोकलं की मी.

दोनदा ऐकू आलं की मी हेडफोन काढायचो. बहुतेक वेळा काही नसायचंच. मी आहे ना, एवढंच बघायचं असायचं.

मला ते ढापण्या म्हणायचे. चष्मा लागला त्या दिवसापासून. मित्रांसमोर, पाहुण्यांसमोर, भर रस्त्यात. डोकं फिरायचं माझं. आणि आता रोज त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो की एकदा म्हणा. बाकी काही बोलू नका. एकदा ढापण्या म्हणा.

माझं काम सांगतो. लोक विचारतात तेव्हा मी 'नेटवर आहे' म्हणतो आणि त्यांना 'रिकामा आहे' असं ऐकू येतं. मी आणि एक मित्र मिळून एक पान चालवतो. नाव चौकडी. दर आठवड्याला नेटच्या अडगळीतून शोधलेल्या चार विचित्र गोष्टी. एक चित्र, एक गेम, एक गाणं, एक राजकारणातलं. कुणीतरी वर्षानुवर्षं एकच कचऱ्याचा डबा रंगवतोय. एक गेम आहे ज्यात नुसतं रांगेत उभं राहायचं, नंबर कधी येतच नाही. रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून गायलेली गाणी. एका गावाची सभा, जिथं सगळे मिळून एका झाडाची माफी मागायचा ठराव करतात आणि दोघं विरोधात मत देतात. असलं सगळं.

नियम दोनच. चार म्हणजे चार, तीन सापडल्या तर त्या आठवड्याला पान कोरं. आणि मूळ गाठल्याशिवाय काही टाकायचं नाही. कोणी बनवलं, कधी, कुठून आलं. हे मला कोणी शिकवलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलं, बाकी ठेचा खात शिकलो. मित्राला मी कधी भेटलेलो नाही. त्याचं नेटवरचं नाव घुबड. खोटा फोटो असेल तर हा माणूस सावलीची दिशा बघून ओळखतो.

सकाळी व्यायामवाल्या ताई यायच्या. बाबांचा मेलेला हात वर, खाली, वर, खाली. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा मोठा डाग. गुलाबी, सुरकुतलेला, नकाशासारखा.

"हे कशानं हो?" ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हे आमचं रत्न," आईनं माझ्याकडे मान उडवली. "नुकता धरून उभा राहायला लागला होता. टेबलावरचं कापड ओढलं. वर उकळतं पातेलं. ह्यांनी मध्ये हात घातला."

"आणि ह्याला?"

"कानामागे एक थेंब. बाकी सगळं ह्यांनी घेतलं."

ताईंनी माझा कान वाकवून बघितला. मसुराच्या दाण्याएवढी खूण आहे. न्हाव्यालाच माहीत असते.

तर, चित्र.

कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या बंद पडलेल्या गॅलरीची जुनी माहितीपत्रकं कोणीतरी स्कॅन करून टाकली होती. दुपार होती, आई घेवडा निवडत होती, मी पानं उलटत होतो. आणि एका पानावर थांबलो. स्वयंपाकघराचं चित्र. टेबल, त्यावरून अर्धं ओढलेलं कापड, फरशीवर आडवं पातेलं आणि पसरलेलं पाणी. पाण्यातून अजून वाफ निघतेय. माणूस नाही. चित्राचं नाव 'पोचलो नाही'.

बाजूला चित्रकाराचा छोटा फोटो. ते बाबा होते.

बाबांसारखे नाही म्हणत मी. बाबा. डाव्या भुवईत ती केसांशिवायची फट, लहानपणी पडून झालेली. बाह्या दुमडलेल्या. फक्त उजवा हात स्वच्छ. मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. खाली लिहिलं होतं की एकटे राहतात, संसार केला नाही.

मी घुबडला पाठवलं. बरोबर बाबांचा एक खरा फोटो.

"एआय," त्याचं लगेच उत्तर. "बापाचा फोटो कुठंतरी टाकला असशील. उचलला कुणीतरी."

"कधीच टाकला नाही."

"मग मूळ गाठ. मला काय विचारतोस?"

गाठलं. कागद खरा होता, स्टेपलच्या पिनचा गंज स्कॅनमध्ये उतरला होता. साइटवर ते पान माझ्याकडे कॉम्प्युटर यायच्या आधीपासून पडलेलं. घुबडनं सावल्या तपासल्या, छपाईचे ठिपके मोजले. शेवटी लिहिलं, "खरं आहे. डुप्लिकेट असेल रे. असतात. टाक, लोक वेडे होतील."

मी टाकलं नाही. गंमत म्हणून लॅपटॉप बाबांकडे वळवला. "बघा, तुमचा जुळा."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग उजवा हात हलला. तो मेलेला. अंगठा आणि दोन बोटं जवळ आली, काहीतरी बारीक धरल्यासारखी, आणि हवेत एक रेघ ओढली.

आईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"रंगवायचे ना हे," ती नंतर म्हणाली. आधी रडून घेतलं, मग म्हणाली. "लग्नाआधी. चित्रं काढायचे, लाकडाची कोडी बनवायचे पोरांसाठी, गायचे, मोर्चात पुढे राहून घोषणा द्यायचे. चार ठिकाणी पाय. तू झालास आणि गुंडाळलं सगळं. लिफ्टच्या कंपनीत पगार तरी ठरलेला होता."

ती सहज बोलली. टोमणा नव्हता. मला मात्र कुसळासारखं टोचत राहिलं. चित्र, कोडी, गाणं, मोर्चा. चौकडीचे चार कप्पे मीच ठरवलेत असं मला तोवर वाटायचं.

गेम शोधावा लागला नाही. दुसऱ्याच कशाच्या तरी मागे गेलो होतो आणि तो समोर आला. एकच खोली. तुम्ही दारात उभे. समोर टेबल, टेबलावरचं कापड हळूहळू सरकतंय, कापडावर पातेलं. बाणाची बटणं दाबून पळायचं. कसंही पळा, पोचत नाही. पातेलं पडतं, पाणी पसरतं, आणि तुम्ही परत दारात. बनवणारा एकटाच माणूस. त्यानं स्वतःबद्दल लिहिलं होतं, 'घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून वेळच वेळ.' फोटोत बाबा. पिकलेले, आत्ताएवढेच. बाह्या दुमडलेल्या. हात स्वच्छ.

या वेळी गंमत म्हणून दाखवलं नाही. मुद्दाम दाखवलं. खोटं कशाला बोलू.

बाबांनी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. दोन्ही. खेळले, हरले, खेळले, हरले. मग पाय जमिनीवर घट्ट रोवले, टेबलाची कड धरली आणि उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. "काय केलंत काय तुम्ही?"

"ह्यानं केलं," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या लॅपटॉपकडे चांगल्या नजरेनं बघितलं. "काय काय दाखवतो त्यांना. मला वाटायचं, नुसता टाइमपास."

मी बाबांचा हात बघत होतो. कोपराजवळचा डाग नव्हता. तिथं नेहमीसारखी कातडी, केस उगवलेले. नकाशाचा वरचा अर्धा भाग कुणीतरी पुसला होता.

"ताई, डाग जातात का असे?"

"रक्त खेळायला लागलं की फिके पडतात," त्या बाबांचा गुडघा वाकवत म्हणाल्या. बघितलं नाही त्यांनी.

त्या दिवशी दोनदा ठोकणं आलं नाही. एकदा ठोकलेलं ऐकू आलं, आई गेली. मी हेडफोन न लावताच बसलो होतो.

गाणं एका कॅसेटवरचं होतं. जुन्या कॅसेट जमवणाऱ्या कुणीतरी चढवलेलं. गायकाचं नाव नाही, फोटो नाही, म्हटलं सुटलो. आवाज ऐकला आणि कळलं. बाबा बाथरूममध्ये गुणगुणायचे तो आवाज, फक्त दार उघडं ठेवून, पूर्ण छातीनं. गाणं संपतं तिथं मागे कुठंतरी पातेलं पडल्याचा आवाज येतो. लांब, घरंगळत. गायक थांबतो. कुठल्याही पावलांचा आवाज नाही. मग तो हळूच म्हणतो, "जाऊ दे."

मी हेडफोनवरच ऐकत होतो. बाबांना काही ऐकू जायचं कारण नव्हतं.

माझ्या पाठीमागे ते गायला लागले. शब्द नव्हते, नुसती चाल, पण एकही सूर हललेला नाही. आई पदरात तोंड घालून ओट्याला टेकली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, रेडिओ कुठला लावलाय विचारायला.

गाणं झालं आणि बाबा चालत बाथरूममध्ये गेले. झटका आल्यापासून त्यांची दाढी मी करायचो. मी सवयीनं ब्रश घेऊन मागे गेलो. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटांनी मला थांबवलं. हॉटेलात वेटरला थांबवतात तसं. राग नाही, काही नाही. नको, एवढंच. हात वर केला तेव्हा डाग दिसला. मनगटाजवळ बांगडीएवढा उरला होता.

मी ठरवलं, बास.

"बास म्हणजे?" आईनं विचारलं. बाबा गॅलरीत उभे होते, स्वतःच्या पायांवर, खालचा रस्ता बघत. मी तिला सगळं सांगितलं. फोटो, डाग, संसार केला नाही, वाट बघणारं कोणी नाही. तिनं ऐकून घेतलं.

"त्या सगळ्यांत मी नाही?"

"नाही. मीही नाही."

"मग काय झालं?"

"आई, ते मला ओळखत नाहीयेत."

"माणूस मरणातून उठतोय. ओळखायला वेळ लागतो. तू लहान असताना महिनाभर बाहेर कामावर होते, तर परत आल्यावर तू ह्यांना बघून भोकाड पसरलं होतंस. त्यांनी काय लिफ्ट पकडून परत जायचं होतं?" ती हसली. मग हसू गेलं. "मला त्यांचा आवाज हवाय रे. बोलताना. मला शिव्या घातल्या तरी चालतील. रात्रंदिवस ते तोंड पुसलंय मी. एक शब्द येऊ दे त्यातून."

मी परत टेबलाशी येऊन बसलो.

तिकडून घुबडचं टुमणं. "तीन झालीत ना? अरे, चौकडी तिनाची नसते."

आता खरी गोष्ट. आईनं सांगितलं म्हणून, घुबड मागे लागला म्हणून, हे सगळं झालं लोकांना सांगायला. मलाच थांबता येत नव्हतं. ज्यानं कधी शोधलंय त्याला कळेल. तीन हाताला लागली की चौथं कुठंतरी आहेच, हे अंगात भिनतं. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जात राहते ना, तसे हात कीबोर्डवर जातात. आणि मला आशा होती. चित्रानं हात दिला, गेमनं पाय दिले, गाण्यानं गळा दिला. चौथ्यानं जीभ येईल. आणि जीभ आली की पहिला शब्द कुठला येईल, हे मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

सापडलं. एका छोट्या शहराच्या जाहीर सभेचं रेकॉर्डिंग, ज्याला बघणारं कुणी नव्हतं. अर्धा रिकामा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईकला करकर. व्यासपीठावर एक माणूस उठून पुढे येतो. कॅमेऱ्याकडे पाठ आहे. बाह्या दुमडतो.

मी थांबवलं. खाली ओळख होती. 'पूर्णवेळ कार्यकर्ते, अविवाहित. जनता हेच कुटुंब.'

जनता हेच कुटुंब. हसूच आलं मला. असली वाक्यं कितीदा आम्ही चौकडीत टाकून खिदळलोय.

"हेच का ते?" आई खांद्यामागे उभी होती. हात पिठाचे.

"आई, नको."

"लाव."

बाबा गॅलरीतून आत आले. मी झाकण मिटू शकलो असतो. एक बोट पुरलं असतं.

"लाव ना रे," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की.

लावलं.

माणूस वळला. बोलायला लागला. पाण्याबद्दल बोलत होता, नळाच्या. साधंच. पण गोड बोलत होता. प्रत्येक खुर्चीत बसलेल्याला वाटावं, माझ्याशीच बोलतोय.

बाबा उभ्या उभ्या ऐकत होते. त्यांचे ओठ हलायला लागले. त्याच्या शब्दांबरोबर, मग त्याच्या शब्दांच्या किंचित आधी.

रेकॉर्डिंग संपलं.

बाबांनी घसा साफ केला. खुर्ची ओढली, बसले. आमच्या टेबलावर हात ठेवले. मनगट माझ्या समोर होतं.

काही नव्हतं.

"बसा ना," ते मला म्हणाले. स्वच्छ आवाज. "उभे का? काय काम काढलंत?"

मी आईकडे वळलो. ती तिथं नव्हती. आत नळ चालू झाल्याचा आवाज आला.

"बाबा."

ते हसले. लोकांनी असं काहीबाही म्हणायची सवय असलेल्या माणसासारखे. "आपलं नाव?"

मला माझं नाव आठवत होतं, शाळेतलं. ते सांगायचं नव्हतं.

"ढापण्या," मी म्हणालो.

"छे छे. असं स्वतःला म्हणू नये माणसानं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चष्म्याकडे, मग चष्म्याच्या खाली, मानेकडे. त्यांची नजर तिथं थांबली आणि सभ्यपणे बाजूला झाली. "बघतो मी. काय करता येईल ते बघतो. कागद असतील तर पाठवून द्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या. उजव्या बाजूला ठेवायचं त्यांनी टाळलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

दाराशी बूट घालताना क्षणभर थांबले. "माझेच ना हे?"

"तुमचेच."

लिफ्ट आली. दार उघडलं. ते सरळ आत गेले. तळहात ठेवला नाही. बटण दाबलं आणि दार बंद होईपर्यंत हात जोडून माझ्याकडे बघत राहिले.

मी आत आलो. खिडकीजवळ खुर्ची नव्हती. तिथं आईच्या कुंड्या होत्या, आणि त्यांच्या खाली फरशीवर जुने, मुरलेले गोल डाग.

मान ओढल्यासारखी वाटत होती.

"गेले का?" आई हात पुसत बाहेर आली. ड्रॉवर उघडला. त्यात सकाळपर्यंत बाबांच्या गोळ्या होत्या. तिनं एक मलमाची ट्यूब काढली, शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली, बरीच वापरलेली. "एवढे जिने... बरं, लिफ्ट होती. पण आले तरी. कोण येतं घरी?"

"आई..."

"शर्ट काढ. सकाळी राहिलंय लावायचं."

मी काढला. तिनं माझी मान डावीकडे वाकवली. कानामागून सुरुवात केली, तिथून खाली, गळ्यावरून, खांद्यावरून, पार दंडापर्यंत. मला तिच्या बोटांचा स्पर्श काही ठिकाणी लागत होता, काही ठिकाणी लागत नव्हता.

"ऐकून तरी घेतलं का त्यांनी?"

"बघतो म्हणाले."

"सगळेच म्हणतात," आई म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या बोटांना न बघताही डागाच्या कडा सापडत होत्या.